घडणावळीचे मोल

आपल्याकडे दागिना घडवतात आणि गरज पडली की मोडतात. ही दोन्ही क्रियापदे इतकी जोडीने येतात की त्यात काही वावगे आहे असे कुणाला वाटतही नाही. आजीच्या पाटल्या मोडून आईचा चपलाहार झाला, चपलाहार मोडून धाकट्या मामाची फी भरली, उरलेल्यातून थोरल्या बहिणीची कानातली झाली, असा हिशेब घराघरांत तोंडपाठ असतो. सोने तेच राहते, आकार बदलत जातो. ज्या सोनाराने आठ-आठ दिवस मान मोडून पाटल्यांवर वेलबुट्टी उठवली, त्याची कारागिरी मुशीत पहिल्या काही मिनिटांतच नाहीशी होते. मोडीच्या पावतीवर तिचा उल्लेख नसतो. घटीचा मात्र असतो.

बँकेत असताना हा न्याय मी वर्षानुवर्षे स्वतःच्या सहीने करत आलो. सोनेतारण कर्जाच्या नोंदवहीत दोन रकाने असत: ठोक वजन आणि निव्वळ वजन. या दोहोंच्या मधली वजाबाकी म्हणजे खडे, मोती, लाख, दोरा, मीनाकाम. म्हणजे दागिन्यात डोळ्यांना जे जे सुंदर दिसते ते सगळे आधी वजा करायचे, आणि उरलेल्या पिवळ्या धातूवर कर्ज द्यायचे. बँकेच्या दृष्टीने ते बरोबरच होते. कर्ज थकले तर लिलावात वेलबुट्टीला कोण विचारणार?

हा न्याय नेमका उलटा झालेला मी पाहिला तो अमेरिकेत, न्यू जर्सीमध्ये, माझ्या मावसबहिणीच्या जेवणाच्या टेबलावर. ती तिकडे चाळीस वर्षे राहते आहे. एका प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर तिने जुने खोटे दागिने विकण्याचा उद्योग सुरू केला. दुकान नाही, पाटी नाही. संगणकावर फोटो आणि वर्णन टाकायचे. हजार मैलांवरच्या कुठल्याशा गावातून गिऱ्हाईक पैसे पाठवते. ही कापसात गुंडाळून डबी टपालात टाकते. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ईबेने या व्यापाराला दार उघडून दिले. २००५ मध्ये एट्सी आली, तिथे वीस वर्षांपेक्षा जुन्या वस्तूलाच 'व्हिंटेज' म्हणता येते.

माल कुठून येतो? तिकडे एखादे वृद्ध माणूस गेले किंवा वृद्धाश्रमात राहायला गेले की त्याच्या घरातल्या चीजवस्तू बहुधा घरातच मांडून विकतात. खरे सोने, हिरे मुलांनी आधीच वाटून घेतलेले असतात. मागे राहतो तो बिस्किटांचा किंवा चॉकलेटचा डबा, त्यात गुंता झालेल्या माळा, एकेकटी कानातली, पिना, ब्रोच. असे डबे माझी बहीण अख्खेच्या अख्खे विकत घेते.

या दागिन्यांना तिकडे 'कॉस्च्यूम ज्वेलरी' म्हणतात. कपड्यांबरोबरची, पेहरावाचा भाग म्हणून वापरायची. 'इमिटेशन' या शब्दात जी शरमेची छटा आहे ती इथे नाही. १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये कोको शनेलने खोटे मोती खऱ्यांच्या जोडीने उघडपणे मिरवले आणि श्रीमंत बायकांची भीड चेपली. मग १९३०ची मंदी आली. खऱ्या जडजवाहिराची गिऱ्हाइके आटली आणि उत्तम कारागीर खोट्याच्या कारखान्यांत आले. आल्फ्रेड फिलिप हे त्यातले मोठे नाव. कार्तिए आणि व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स या पेढ्यांसाठी काम केलेला हा माणूस १९३० मध्ये ट्रिफारी कंपनीत गेला आणि १९६८ पर्यंत तिथेच राहिला. प्लॅटिनममध्ये हिरा बसवण्याचा जो हात होता, तोच आता शिसे-जस्ताच्या मिश्रधातूत काच बसवू लागला. १९५३ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या शपथविधीच्या नाचसमारंभाला त्यांच्या पत्नीने ट्रिफारीचेच खोटे मोती घातले होते.

त्यातही एक गंमत झाली. १९४२ मध्ये युद्धासाठी कथिलासारख्या धातूंवर निर्बंध आले, तेव्हा या कारखानदारांनी नाइलाजाने अस्सल चांदी वापरायला घेतली आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा दिला. त्यामुळे त्या चार-पाच वर्षांतला खोटा दागिना बऱ्याचदा खऱ्या चांदीचा निघतो. टंचाईने अस्सल झालेली नक्कल मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात पाहिलेली नाही.

आता निवडण्याविषयी. टेबलावर पांढरा टॉवेल, वर प्रखर दिवा, हातात दहापटीचे भिंग. मी पहिल्याच दिवशी एक हिरवा ब्रोच उचलून त्याच्या खड्यांची तारीफ सुरू केली, तर बहीण म्हणाली, "दादा, पुढून काय बघतोस? उलटा कर."

या धंद्यात दागिना पाठीकडून वाचतात. पाठीवर कारखान्याची खूण असेल तर अर्धे काम झाले. ट्रिफारीच्या कित्येक नगांवर नावाच्या वर छोटा मुकुट असतो. नावाशेजारी वर्तुळातले 'सी' हे अक्षर दिसले, तर वस्तू बहुधा १९५५ नंतरची. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने ट्रिफारीच्या दाव्यात निकाल दिला की खोट्या दागिन्याचे डिझाइनही कलाकृती आहे आणि त्याला कॉपीराइटचे संरक्षण मिळते. निकाल वाचून मला मौज वाटली. काच आणि पितळ यांच्या घडणावळीला एका न्यायाधीशाने कायदेशीर मोल दिले, आणि आमच्या नोंदवहीत खऱ्या सोन्याच्या घडणावळीला रकाना नव्हता!

खूण नसली तर इतर साक्षी काढायच्या. ब्रोचची पिन नुसत्या आकड्यात अडकते की तिला फिरणारी कडी आहे? नुसता आकडा असेल तर वस्तू बहुधा जुनी. कानातले मळसूत्राचे आहे की चापाचे? चाप १९३०च्या दशकातला, मळसूत्र त्याच्या आधीचे, पण दोन्ही पुढे बरीच वर्षे चालत राहिले, म्हणून एका साक्षीवर निकाल द्यायचा नाही. खड्यांवर साबणाच्या फुग्यासारखे सप्तरंगी पाणी असेल तर तो 'ऑरोरा बोरिआलिस' मुलामा. स्वारोव्हस्कीने तो १९५०च्या दशकाच्या मध्यावर आणला, त्यामुळे असा खडा त्याआधीच्या दागिन्यात मुळातला असू शकत नाही. मणी गालाला लावून पाहायचा: काच गार आणि जड, प्लॅस्टिक कोमट आणि हलके. बेकलाइटची बांगडी गरम पाण्याखाली धरली की औषधी वास सोडते. १९०७ मध्ये लिओ बेकलंडने काढलेल्या या पदार्थाचे विजेचे काळे खटके माझ्या लहानपणी घरोघर होते. त्याचीच पिवळीधमक बांगडी हौशी लोक जपून ठेवतात हे मला तिथे कळले.

मिरियम हॅस्केलच्या जुन्या माळांवर तर १९४०च्या दशकाच्या शेवटापर्यंत नावच नसे. तिचे काम ओळखायचे ते पाठीमागे बारीक तारेने एकेक मणी जाळीला कसा बांधला आहे त्यावरून. ब्रुकलिनच्या 'डिलिझा अँड एल्स्टर' या कारखान्याने १९४७ पासून चाळीसहून अधिक वर्षे झगमगीत माल काढला आणि बहुतेकांवर नाव घातलेच नाही; तो आज पाठीवरच्या डागकामाच्या खास ओघळांवरून ओळखतात. कसोटीच्या दगडावरची रेघ वाचणारे आमचे सराफ आठवले. फक्त ते धातू वाचत, आणि इथे हात वाचला जातो.

दोष शोधणे हे निम्मे काम. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक कळकते ना, तसाच हिरवा कळंक या दागिन्यांच्या सांध्यांत धरतो. खड्यांच्या पाठीला चंदेरी वर्ख असतो, तिथे ओल शिरली की खडा पिवळा-करडा पडतो. धंद्यात त्याला 'मेलेला खडा' म्हणतात. एका हारात असे तीन निघाले, तर वर्णनात 'तीन' लिहायचे आणि कुठले ते फोटोत दाखवायचे. बहिणीची वही मी चाळली. "डावीकडून चौथा खडा बदललेला, छटा किंचित गडद." शाखा तपासणीच्या अहवालातही इतका काटेकोरपणा मी क्वचित पाहिला.

मला सर्वांत गुंतवून टाकले ते पाठीवरच्या देशांच्या नावांनी. 'ऑक्युपाइड जपान' असे लिहिलेला नग म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर, अमेरिकन ताब्यातल्या जपानमधला. 'चेकोस्लोव्हाकिया' म्हणजे १९१८ नंतरचा आणि त्या देशाच्या १९९२ अखेरच्या फाळणीआधीचा. यातला बराचसा काचमाल याब्लोनेत्स या गावाचा. जर्मन लोक त्याला गाब्लोन्झ म्हणत. काचेचे मणी, खडे, बटणे यांवर हे गाव आणि त्याची पंचक्रोशी पोसली गेली. स्वारोव्हस्की मूळचे याच भागातले. १८९५ मध्ये ते ऑस्ट्रियातल्या वाटेन्सला गेले. आणि आपल्याला जवळची गोष्ट म्हणजे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच गावातून काचेच्या बांगड्या मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानात येत. आपल्या पणज्यांच्या हातात कासाराने चढवलेल्या बांगड्यांत थोड्या तिकडच्याही असणार.

दुसरे महायुद्ध संपल्यावर तिथल्या जर्मनभाषक लोकांना चेकोस्लोव्हाकियातून घालवून देण्यात आले. त्यातले बरेच कारागीर बव्हेरियात काउफबॉयरेन गावाजवळ, दारूगोळ्याच्या उद्ध्वस्त कारखान्याच्या जागेवर वसले. वस्तीला त्यांनी नाव दिले नॉयगाब्लोन्झ, नवे गाब्लोन्झ, आणि पुन्हा काच घडवू लागले. त्यांच्या मालावर 'वेस्टर्न जर्मनी' असा शिक्का येतो. जर्मनीचे दोन देश १९४९ मध्ये झाले, म्हणून हा शिक्का त्याआधीचा नाही. एवढे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

'खोटा' या शब्दाचे दोन अर्थ आपण एकत्र करून टाकले आहेत. सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत मी असताना एक बाई मंगळसूत्र तारण ठेवायला आल्या. मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायला दोन दिवस उरले होते. नवरा शेजारी जमिनीकडे बघत उभा. सराफांनी वाटीची रेघ दगडावर ओढली, तेजाबाचा थेंब टाकला, रेघ पुसली गेली. त्यांनी दुसरी वाटी घासली. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "साहेब, जरा आत येता?" आत आल्यावर त्यांनी सांगितले की पितळ आहे, वर पाणी दिलेले. बाईंना ठाऊक नव्हते. नवऱ्याला होते, हे त्याच्या मानेवरून दिसतच होते. सराफ बाहेर गेले आणि म्हणाले, "वहिनी, वजन कमी भरतंय. एवढ्यावर कर्ज बसत नाही." बाईंनी मंगळसूत्र गळ्यात घातले आणि दोघे निघून गेली. त्या मुलाच्या फीचे पुढे काय झाले, मला माहीत नाही.

ते मंगळसूत्र खोटे होते कारण त्याला कुणीतरी खरे म्हटले होते. बहिणीच्या टेबलावरचा ट्रिफारीचा ब्रोच कधीच कुणाला मी हिरा आहे असे म्हणाला नव्हता. इथे खोटेपणा शिरतो तो वर्णनातून. 'हॅस्केल धर्तीचा' असे लिहून 'धर्तीचा' हा शब्द बारीक अक्षरात ठेवायचा. कालपरवाची साखळी 'जुन्या घरातली' म्हणायची. आणि जिथे पैसा आहे तिथे नकलीचीही नक्कल होते: आयझेनबर्गच्या मोठ्या खड्यांच्या ब्रोचेसची आणि वाइसच्या नाताळवृक्षांच्या पिनांची बनावट प्रत बाजारात फिरते. गिऱ्हाइकाला वस्तू हातात घेता येत नाही, उलटी करता येत नाही, गालाला लावता येत नाही. विकणारी जे लिहील आणि दाखवील तेवढ्यावरच तिने पैसे मोजायचे.

शिवाय गोष्टीलाही भाव असतो, आणि तो भयंकर असतो. १९९६ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजमध्ये जॅकलीन केनेडी ओनासिस यांच्या वस्तूंचा लिलाव झाला. त्यात खोट्या मोत्यांचा एक तीनपदरी हार होता. अंदाज होता ५०० ते ७०० डॉलरचा. गेला तो २,११,५०० डॉलरना. त्यांच्या मांडीवर बसलेला लहानगा मुलगा तो हार ओढतो आहे, असे छायाचित्र जगाने पाहिलेले होते. पुरावा होता. बिनपुराव्याच्या गोष्टीचे काय करायचे?

मी तिथे असतानाच बहिणीची शेजारीण एक ब्रोच घेऊन आली. पंचाहत्तरीच्या पुढची असेल, नीटनेटकी, काठी टेकत चालणारी. ब्रोच तिच्या आईचा. वडील युद्धावर जाताना त्यांनी आईला दिला आणि ते परत आले नाहीत, असे आईने आयुष्यभर सांगितलेले. मुलेबाळे नाहीत, तेव्हा ही हकीगत वर्णनात लिहून तो विकावा, म्हणजे कुणीतरी कदर करणारे घेईल, एवढीच तिची इच्छा. बहिणीने ब्रोच उलटा केला. मीही तोवर थोडा शिकलो होतो. पाठीवर 'वेस्टर्न जर्मनी' होते. पुढच्या निळ्या खड्यांवर सप्तरंगी पाणी होते.

बहीण बराच वेळ भिंगातून पाहत राहिली. इतका वेळ पाहण्यासारखे त्यात काही नव्हते. आमचे सराफ असते तर 'वजन कमी भरतंय'सारखे काहीतरी बोलले असते, आणि मी त्यांना दोष दिला नसता. बहीण म्हणाली, "ब्रोच छान आहे, सगळे खडे मूळचे आहेत. पण मी विकला तर पश्चिम जर्मनी, १९५५ नंतरचा, असंच लिहावं लागेल. तुमची गोष्ट मला त्याच्याबरोबर देता येणार नाही."

बाई गप्प बसल्या. मनाशी वर्षे मोजत असाव्यात. मग म्हणाल्या, "आमच्याकडे वरच्या खोलीत एक भाडेकरू असायचे," आणि थांबल्या. कॉफी निवून गेली. जाताना त्यांनी ब्रोच परत मागितला आणि तिथेच आमच्यासमोर स्वेटरवर लावला. चापटीच्या बोटांनी पिन अडकेना, तेव्हा बहिणीने लावून दिला. मी कादंबऱ्या लिहितो, मला पुढचे शंभर प्रश्न सुचत होते. एकही विचारला नाही. बहिणीने खरे सांगितले ते बरोबर केले असे मला त्या दिवशी वाटले, आजही वाटते. सराफांनी सांगितले नाही तेही मला चूक वाटत नाही, आणि या दोन्हींचा मेळ मला घालता आलेला नाही. फरक एवढाच सांगता येईल की सराफांच्या बोलण्यावर पुढे कुणी तिसरे माणूस पैसे मोजणार नव्हते.

सगळ्याच डब्यांतून अशी नाटके निघत नाहीत. बहुतेक माल साधा. सारा कॉव्हेंट्री नावाच्या कंपनीने आपले दागिने बायकांच्या घरगुती मेळाव्यांतून, आपल्याकडच्या भिशीसारख्या जमलेल्या बैठकांतून विकले, त्यामुळे ते जवळजवळ प्रत्येक डब्यात सापडतात आणि त्यांना फारसा भाव नाही. तुटक्या, खडे गळालेल्या नगांची पिशवी भरून ती वजनावर विकतात. हस्तकला करणारे लोक त्यातले खडे, कड्या काढून घेतात. या बाजारातली मोड म्हणायची ती एवढीच. एखादा सुंदर नग वर्षभर तसाच पडून राहतो, तर एखादे भोंगळ प्लॅस्टिकचे फूल दोन तासांत जाते. बँकेसारखा दरमहाचा भरवसा यात नाही, आणि मला वाटते बहिणीला तो नकोच आहे.

आपल्या घरांतही असे डबे आहेत, हे इकडे परतल्यावर ध्यानात आले. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने नवे दागिने चौदा कॅरटच्या वर घडवायला बंदी केली. पुढे १९६८ चा कायदा आला, तो १९९० पर्यंत होता. त्या काळातल्या बायकांकडे मुलाम्याच्या ठुश्या, खोट्या मोत्यांच्या नथी, भुलेश्वरहून आणलेले सेट असत. पुढे मालाडला या धंद्याची मोठी पेठ झाली. आई गेली की सोने आपण तोळ्यांत वाटून घेतो आणि हा डबा कामवालीला देतो, नाहीतर भंगारात टाकतो. त्याला बाजार आहे म्हणून ठेवा असे मी म्हणत नाही. तिकडच्यासारखा बाजार त्याला इथे नाही. पण तिच्या सोन्याच्या पाटल्या दोनदा मुशीतून जाऊन आलेल्या असतात. तिने १९७० मध्ये निवडून घेतलेली, तिच्या गळ्यातली ठुशी जशीच्या तशी याच डब्यात असण्याचा संभव अधिक आहे, कारण ती मोडून कुणाला काही मिळणार नव्हते.

पंचाईत ही की आपल्या या दागिन्यांवर सहसा कारखान्याची खूण नसते. पाठ उलटी केली तरी काही वाचता येत नाही. म्हणून ठाऊक असलेले माणूस हयात आहे तोवर विचारून घ्यावे: कुणाचा, कुठून घेतला, कुठल्या लग्नात घातला होता. लग्नाचे जुने फोटो काढून गळ्यातले ताडून पाहावे. फोटोत जे दिसेल त्यावरच विश्वास ठेवावा, सांगितलेले वर्ष वेगळे निघाले तर दोन्ही लिहावीत. खड्यांचे दागिने पाण्यात बुडवू नयेत, सुक्या मऊ ब्रशने पुसावेत. हिरवा कळंक धरलेला नग बाकीच्यांपासून वेगळा ठेवावा. प्रत्येकाला सुती कापडाची निराळी पुरचुंडी करावी आणि आत चिठ्ठी घालावी. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी. शाई ओलीने उतरते आणि मोत्यांना लागते.